ताई, लाड करून घे

प्रिय ताई,



परवा वहिनीचा फोन आला होता. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, टाके सुकले, वॉकर घेऊन तू ओसरीपर्यंत चालतेस, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण पुढे तिनं जे सांगितलं ते ऐकून मला राहवेना, म्हणून हे पत्र. जेवणाचं ताट समोर आणून ठेवलं की तू ओशाळतेस. वहिनी तळपायाला तेल लावायला बसली की पाय ओढून घेतेस. भाचीनं वेणी घालायला कंगवा घेतला तर तो तिच्या हातातून काढून घेतेस. आणि वर सगळ्यांना दटावतेस, "माहे काहून एवढे लाड करून राहिले तुम्ही? मी काय लहान पोट्टी आहो का?"

ताई, लाड हा फक्त लहान पोरांचा शब्द आहे, हे तुला कोणी सांगितलं? हे पत्र मी आधी तुला वाचून दाखवीन आणि मगच छापायला देईन. छापायचं अशासाठी, की तुझ्यासारख्या ताया आपल्या नागपुरात घरोघरी आहेत. महालात आहेत, इतवारीत आहेत, धरमपेठेतल्या बंगल्यांतही आहेत. त्यांनीही हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

मी नोकरीभर कॉलेजात मराठी शिकवलं, पण शब्दांचं वेड मला लावलंस तू. मूर्तिजापूरहून शकुंतला गाडीनं आपण मामाकडे जायचो. वाटेत कारंजा लाड यायचं. ते नाव ऐकून मी विचारलं होतं, इथल्या पोरांचे फार लाड होतात का? तू मला मांडीवर घेऊन समजावलंस, की ते लाड म्हणजे लाट देशातून, गुजरातेच्या दक्षिण भागातून, आलेले लोक आणि गावाचं नाव त्यांच्यावरून पडलं. आईमायचे लाड वेगळे. त्यांचं मूळ संस्कृतातल्या लड् धातूपर्यंत जातं, हे मला पुढे कोशात सापडलं. आता धाकटीनं थोरलीला शब्द समजावण्याची पाळी आली आहे, तेवढं ऐकून घे.

या शब्दाचं गोत मोठं आहे. लाडकोड, लाडीगोडी, लाडिक, लडिवाळ, लाडोबा, लाडावणं. शेजारीपाजारी कौतुक, कोड, लळा, हट्ट, चोचले, नखरे. बोलताना आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो, पण प्रत्येकाचं काम निराळं आहे. कौतुकाला निमित्त लागतं. पोरगी पहिली आली, सुनेचं पुरण मऊसूत झालं, की कौतुक. लाडाला निमित्त लागत नाही. नापास होऊन घरी आलेल्या पोराचं कोणी कौतुक करत नाही, पण रात्री त्याच्या पानात न बोलता त्याच्या आवडीची भाजी येते, ते लाड. हट्ट समोरचा धरतो आणि आपण पुरवतो. लाड मागण्याच्या आधी होतात. लळा तर आपोआप लागतो, त्यासाठी कोणाला जागचं हलावं लागत नाही. लाड मात्र करावेच लागतात. त्यासाठी उठावं लागतं, हात चालवावा लागतो, कोणाला पोळी कडक लागते आणि कोणाला मऊ, हे ध्यानात ठेवावं लागतं. म्हणून मराठीत लाड कोणी कोणाला देत नाही. ते करतात.

आणि चोचले? आपल्या माणसासाठी केलं की लाड, तेच शेजारच्या घरी झालं की चोचले. करणी एकच, फक्त बघणाऱ्याचा डोळा बदलतो. बाईच्या वाट्याला तर हा दुसराच डोळा जास्त आला. पुरुषाला तव्यावरची गरम पोळी लागते, तेव्हा ती त्याची आवड असते. बाईनं दुपारी पुन्हा गरम चहा मागितला की तिचे नखरे होतात. मला वाटतं, तू आयुष्यभर याच शब्दाला भ्यायलीस. नखरेल म्हणवून घ्यायचं नाही म्हणून तू कधी काही मागितलं नाहीस, आणि मागायची सवय गेल्यावर घ्यायचीही गेली.

जुन्या संस्कृत सुभाषितात लाडांचा हिशेबच मांडून ठेवला आहे. पाच वर्षांपर्यंत लाड करावेत, पुढची दहा वर्षं धाकात ठेवावं, सोळावं लागलं की मित्रासारखं वागवावं. आपल्या बाबांच्या पिढीला तो तोंडपाठ होता. पण ते सुभाषित मुलाबद्दल आहे. मुलीचे लाड किती वर्षं करावेत आणि सोळाव्या वर्षी तिला कोणासारखं वागवावं, याबद्दल त्यात अक्षर नाही. तुझ्या लाडांना तर पाच वर्षंही पुरती मिळाली नसतील. तुझ्या पाठोपाठ भाऊ आला, मग मी आले, आणि माझ्यानंतर आईनं जे अंथरूण धरलं ते धरलंच. बाबा एम्प्रेस मिलमध्ये. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या त्या मिलच्या भोंग्यावर अख्ख्या वस्तीचा दिवस चालायचा, तसा आपल्या घरचाही. दुसऱ्या पाळीहून बाबा रात्री उशिरा यायचे, आणि तू परकरपोलक्यातली पोर, चुलीच्या वैलावर त्यांचं वरण कोमट ठेवून जागी बसायचीस. ते वरण कधी थंड झालं नाही आणि कधी करपलंही नाही. यालाच मी लाड म्हणते, ताई. बाबांचे लाड तू केलेस. आईचे केलेस. आमचे तर काय सांगावं!

वैशाखातल्या त्या दुपारी माझ्या डोळ्यांपुढे अजून जशाच्या तशा आहेत. मला सरगुंडे आवडायचे म्हणून तू ते करायला घ्यायचीस. कणीक घट्ट मळून, तिला तेलाचा हात लावून, झाकून ठेवायचीस. मग एकेक गोळी घेऊन तिची हातावर बारीक लांब दोरी वळायचीस आणि स्वच्छ केलेल्या काडीवर ती दोरी एकाला एक चिकटवून गुंडाळत न्यायचीस. वेढे सुटे राहिले तर शिजताना उलगडतात आणि दाबून बसवले तर काडीला धरून बसतात. तुझ्या बोटांना तो दाब बरोबर कळायचा. काडी हलक्या हातानं ओढून घेतलीस की वेढ्यांची पोकळ नळी सुपात पडायची. पंख्याशिवाय, नागपूरच्या उन्हाळ्यात, खसच्या ताटीवर पाणी मारत मारत तू ते सूप भरायचीस. आम्ही आमरसात बुडवून ते खायचो तेव्हा ताटात उरायचं काहीच नाही. तुला सरगुंडे आवडतात की नाही हे मला आजही ठाऊक नाही, कारण तू आमच्या पंगतीला कधी बसलीच नाहीस.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं तो मुद्दा. आपल्याकडे बाईचे लाड होतात का? होतात. पण त्यांना तिथी ठरवून दिलेल्या आहेत. जन्मल्यावर बारसं. पहिल्या संक्रांतीला बोरनहाण, हलव्याचे दागिने. मग लग्न ठरलं की केळवणं. घरोघरी ताटाभोवती रांगोळी. लग्नानंतर मंगळागौर, हळदीकुंकू, दिवाळसण. दिवस गेले की डोहाळजेवण. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, आणि हवं ते मागायची उघड परवानगी. बाळंतपणात शेकशेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. पुढे माहेरपण. सासरहून आलेल्या लेकीनं सकाळी उशिरा उठावं आणि आईनं तिच्या डोक्यावर तेल थापावं. जावयाला तर लाडांची मुदतच नाही. दर तीन वर्षांच्या आसपास अधिक महिना आला की तीस आणि वर तीन अनारसे घालून त्याला वाण द्यायचं, तो कितीही म्हातारा झाला तरी.

या सगळ्या यादीत तू कुठे आहेस, ताई? तू लग्न केलं नाहीस. का केलं नाहीस हे आपल्या घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण भाऊला कळतं आणि मलाही कळतं. शाळेतली नोकरी, घर, आजारी आई आणि दोन धाकटी भावंडं हे सगळं एका खांद्यावर होतं. तू लग्न केलं नाहीस म्हणून तुझं केळवण झालं नाही, मंगळागौर झाली नाही, डोहाळे कोणी पुरवले नाहीत. आणि तू घर सोडलं नाहीस म्हणून तुला माहेरपणही मिळालं नाही. जी कधी गेलीच नाही तिच्या येण्याचं कौतुक कोण करणार? माझी दोन्ही बाळंतपणं महालातल्या त्याच घरात झाली. शेगडी पेटवलीस तू, लाडू वळलेस तू, रात्री पोर मांडीवर घेऊन बसलीस तू. मी त्या घरची माहेरवाशीण झाले, कारण तू तिथे होतीस. आपल्या चालीरीती चांगल्या आहेत, मला त्यांची ओढ आहे. पण त्यांनी बाईचे लाड तिच्या कुंकवाला आणि कुशीला बांधून टाकले, आणि तुझ्यासारखीच्या हाती फक्त करण्याची बाजू ठेवली. हे बरोबर झालं नाही. मी हे आज पहिल्यांदा लिहिते आहे आणि पूर्ण विचार करून लिहिते आहे.

आपल्याच वऱ्हाडात याहून मोकळी रीत होऊन गेली आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर तू पाहिलं आहेस. आता तिथे मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत, चक्रधरांचे गुरू. त्यांचं वागणं लहान मुलासारखं. पोरांत खेळत, कोणाच्याही घरात शिरत, भांड्यातलं काढून खात, मनाला येईल ते मागत. आणि भक्त मंडळी त्यांची प्रत्येक इच्छा पुरवत. म्हाताऱ्या गुरूचे असे लाड! एकदा त्यांच्या मनात आलं की आपलं लग्न व्हावं. भक्तांनी तेही मांडलं. त्या लग्नात गाणी हवीत म्हणून महदाइसेनं धवळे रचले. महदाइसा बालविधवा होती. ज्या बाईला लग्नाच्या मांडवात मानानं उभं राहता येत नव्हतं, तिनं एका वृद्धाची हौस पुरवायला कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी केली, आणि त्या गाण्यांमुळे ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. आपल्या भाषेतली बाईची पहिली कविता कोणाचे तरी लाड करता करता जन्मली, हे मी वर्गात शिकवायचे तेव्हा माझा आवाज दरवर्षी भरून यायचा. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तूच असायचीस.

पण महदाइसेनंही लाड केलेच. तिचे कोणी केले, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. आपले लाड मागण्याचं धाडस जनाबाईचं. नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा, सगळं तिच्या अंगावर. तिनं आपल्या अभंगांत विठ्ठलालाच कामाला लावलं. तो तिच्याबरोबर जात्याला हात लावतो, पाणी भरतो, तिला न्हाऊ घालतो, तिचे केस विंचरतो. लोक या अभंगांना भक्ती म्हणतात, आणि ती भक्ती आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दिवसभर राबणाऱ्या, मागेपुढे कोणी नसलेल्या एका बाईनं मान्य केलं, की माझेही केस कोणीतरी विंचरावेत असं मला वाटतं. हे मान्य करायला मोठं मन लागतं, ताई. तू भाचीच्या हातातून कंगवा काढून घेतलास तेव्हा मला जनाबाई आठवली.

पोळा नुकताच झाला. तान्ह्या पोळ्याला आपल्या गल्लीतली पोरं लाकडी बैल ओढत आली असतील आणि तू खुर्चीतून बोजारा दिला असशील, हे मी न बघता सांगते. तुझा तो डबा मला माहीत आहे. वर्षभर जमवलेली नाणी आणि गोळ्या. दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ साली पोरांसाठी हा पोळा सुरू केला असं नागपुरात सांगतात, आणि भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी बैल बघायला तू आम्हाला दरवर्षी न्यायचीस. सकाळी काळी-पिवळी मारबत बघायला मला कडेवर घेऊन गर्दीत उभी राहायचीस आणि दुपारी माझ्या बैलाला तेल चोळून, बेगड चिकटवून तयार करायचीस. सकाळी सगळी इडापीडा शहराबाहेर घालवायची आणि संध्याकाळी पोरांचे लाड करायचे, असा तो दिवस. नागपूरसारखा दिवस मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

पण आज मी मोठ्या पोळ्याबद्दल बोलते आहे. काटोलकडच्या आपल्या गावी आजोबा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करायचे, ती तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. बैलाला आधी नीट धुवायचं. मग तूप-हळद कोमट करून त्याच्या खांद्यावर, जिथे जू बसतं तिथेच, चोळत बसायचं. तिथलं कातडं वर्षभराच्या ओझ्यानं जाड आणि काळं पडलेलं असायचं. आजोबा ती जागा बोटांनी चाचपून शोधायचे, दुखतं आहे का ते बैलाच्या अंगावरच्या शहाऱ्यावरून ओळखायचे आणि तिथे हात जास्त वेळ ठेवायचे. मग त्याच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी झूल, शिंगांना रंग, घुंगरमाळा, तोरणाखाली झडत्या आणि पुरणपोळीचा घास. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही.

तिथे कोणी म्हणालं का, की बैल काय लहान आहे एवढे लाड करायला? उलट तो थोर आहे, तो राबतो, म्हणून लाड. हात नेमका ओझ्याच्या जागी जातो. विदर्भातल्या शेतकऱ्याला लाड शब्दाचा अर्थ बरोबर कळला होता. तुझा गुडघा ही तीच जागा आहे. त्या गुडघ्यांवर तू ओटे सारवलेस, आम्हाला पाठीवर घेऊन घोडा घोडा केलास, वाड्याच्या जिन्यावरून पाण्याच्या कळश्या चढवल्यास. वहिनी तिथे हात ठेवते तेव्हा पाय ओढून घेऊ नकोस.

लाडकी हा शब्द आता सरकारी कागदावरही आला आहे. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली आणि दरमहा पंधराशे रुपयांसाठी बायका अर्ज भरू लागल्या. तुझं वय ६५च्या पुढे आणि तुला शाळेचं निवृत्तिवेतन, तेव्हा तुझा त्यात प्रश्न नव्हताच. पण त्या योजनेचे निकष वाचताना एका ओळीवर माझं बोट थांबलं. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि त्यांच्या जोडीला कुटुंबातली एक अविवाहित स्त्री. योजनेबद्दल लोकांची मतं वेगवेगळी आहेत, असू देत. मला मात्र त्या ओळीचं अप्रूप वाटलं. घरात राहिलेली बहीणही लाडकी म्हणून मोजायची असते, हे कुठेतरी लिहिलं तरी गेलं. आपल्या सणवारांनी ते अजून लिहिलेलं नाही.

तुझी एक शंका मला ठाऊक आहे. शाळेत तू पालकांना नेहमी सांगायचीस, फाजील लाडांनी पोरं बिघडतात, डोक्यावर बसवू नका. ते खरंच आहे. पण पोरं कशानं बिघडतात? पोरगं रडलं की हातात मोबाईल, जेवत नाही म्हणून पुन्हा मोबाईल, आईबापाला वेळ नाही म्हणून महागाचं खेळणं. याला लोक लाड म्हणतात आणि मग लाडांनाच बोल लावतात. ते लाड नव्हेत. त्यात पोराकडे कोणी बघितलेलंच नसतं. त्याच्या तोंडाला काहीतरी लावून त्याला गप्प केलेलं असतं. तू आमच्याकडे बघायचीस. भाऊला अंधाराची भीती म्हणून तू त्याच्या उशाशी चिमणी ठेवायचीस आणि वात इतकी बारीक करायचीस की रॉकेलही फार जळू नये आणि त्याला खिडकीही दिसावी. भाऊ बिघडला नाही. मी बिघडले नाही. तुझ्या शाळेतली पोरं अजून तुला रस्त्यात वाकून नमस्कार करतात. तेव्हा आता या वयात तुझे लाड केल्यानं तू बिघडशील, ही भीती मनातून काढून टाक.

मराठीत एक सुरेख क्रियापद आहे, लाड करून घेणं. त्यात घेणाऱ्यालाही काम आहे. स्वस्थ बसायचं, 'राहू दे' म्हणायचं नाही, हात पुढे करणाऱ्याचा हात मागे लोटायचा नाही. वहिनी तुझ्या घरात नवी आली तेव्हा तूच तिला आपल्या हाताशी घेऊन पुडाच्या वड्या शिकवल्यास. सांबार किती बारीक चिरायचा, सारणात खसखस कधी घालायची, पारीला चिंच-गुळाचं बोट कुठून फिरवायचं. ती आज ज्या हातानं तुला भरवायला बघते, तो हात तू घडवलेला आहे. तिला काहीतरी परत करायचं आहे. तू 'नको' म्हणालीस की ती फोनवर मला सांगून रडते. तुझ्या संकोचापायी दुसऱ्याचा जीव दुखतो, एवढं तरी ध्यानात घे.

आता कामाचं. महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या. यंदा कसं व्हायचं म्हणून तू काळजीत आहेस, असं भाऊ म्हणाला. सगळं ठरलं आहे. मी आणि माझी सून दोन दिवस आधी येतो. मुखवटे माळ्यावरून भाऊ काढेल, साड्या भाची नेसवील. फुलोऱ्याच्या करंज्या, वेणी, फणी, करंडा मी करीन. सोळा भाज्या वहिनी निवडेल. ज्वारीची आंबील मात्र तुझ्यासारखी आमच्या कोणाच्या हातून होत नाही, तेव्हा तू चुलीजवळ खुर्ची टाकून बसायचं आणि सांगायचं. उठायचं नाही. डॉक्टरांनी जिना आणि मांडी दोन्ही बंद ठेवायला सांगितलं आहे, ते मी त्यांच्याकडून पुन्हा विचारून घेतलं.

आणि एक गोष्ट भाऊशी आणि वहिनीशी बोलून पक्की केली आहे. आपण दोन्ही महालक्ष्म्यांना माहेरवाशिणी म्हणून घरात आणतो, पावलं काढतो, पुरण वाढतो, आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवताना डोळे पुसतो. देवींना माहेरपण मिळतं आणि ते करणारी गेली कित्येक वर्षं तू असतेस. जेवणाच्या दिवशी सवाष्णीचं पान मांडलं जातं, तू पदर खोचून वाढत फिरतेस आणि उन्हं कलल्यावर स्वयंपाकघरात एकटी जेवतेस. यंदा देवीचा नैवेद्य झाला की पहिलं पान तुझं. टेबलावर, खुर्चीत, रांगोळीसकट. घरची लेक म्हणून. वहिनीच म्हणाली, "ताईंची ओटी मी भरणार." सवाष्ण असण्या-नसण्याचं कोणी काही बोललंच, तर उत्तर द्यायला मी घरात आहे. साडी मी घेऊन ठेवली आहे, हिरवी. तुला जांभळी आवडते हे माहीत आहे, पण डोहाळजेवणाची हिरवी साडी तुला कोणी नेसवली नाही, ती या निमित्तानं नेस. जांभळी दिवाळीला.

तुला पुरणपोळीवर तूप किती लागतं, हे मला वहिनीला विचारावं लागलं आणि तिलाही सांगता आलं नाही. तेव्हा त्या दिवशी वाटी तुझ्याजवळ ठेवीन. तू सांगशील तेवढं वाढीन. 'पुरे' हा शब्द तिसऱ्यांदा म्हणालीस तरच ऐकीन.

रविवारी सकाळच्या गाडीनं येते. तोवर वहिनीला तेल लावू दे.

तुझी,
धाकटी